हजार विड्यांची मजुरी: एका दराचा मागोवा

सोलापुरातून अक्कलकोटच्या रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर दक्षिण सोलापूर तालुक्यातले कुंभारी येते. कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत इथे आहे. ती विडी वळणाऱ्या बायकांसाठी उभी राहिली आणि 2006 मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिथल्या घरांचा ताबा दिला गेला. पुढे कुंभारीतच असंघटित कामगारांसाठी 30 हजार घरांचे ‘रे नगर’ आकाराला आले. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरावेचक, शिलाईकाम करणारे, वाहनचालक असे लोक त्याचे लाभार्थी. त्यातली 15 हजार घरे 19 जानेवारी 2024 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दिली गेली.

या घरांबद्दल भरपूर लिहून आले. त्या घरांत बसून केलेल्या कामाच्या मजुरीबद्दल त्या मानाने फार कमी लिहिले जाते. विडी वळणाऱ्या बाईची मजुरी दिवसावर किंवा महिन्यावर ठरत नाही, हजार विड्यांवर ठरते. हा दर कुठून आला, त्यात काय धरले गेले, काय वगळले गेले आणि कायद्याने तो कितीदा हाताळला, याचा माग काढायला हवा. कारण दुकानांतल्या, गोदामांतल्या, घरोघरच्या कमी मजुरीवर आज जो वाद चालतो, त्यातले जवळजवळ सगळे मुद्दे या एका दरात गोळा झालेले आहेत.

हजाराच्या आत काय काय आहे

तेंदूपत्ता गोंदिया, भंडारा, गडचिरोलीकडच्या जंगलांतून उन्हाळ्यात गोळा होतो. तंबाखू निपाणीकडून किंवा गुजरातेतून येतो. मोजून दिलेली पाने, वजन करून दिलेला तंबाखू आणि दोरा एवढे सामान घेऊन बाई घरी येते. पाने आधी भिजवून मऊ करावी लागतात. मग ती साच्यावर ठेवून कात्रीने एकसारखी कापायची. त्यानंतर सूप मांडीवर घेऊन बसायचे, पानात चिमूटभर तंबाखू पसरायचा, पान वळायचे, तोंड दुमडायचे आणि दोऱ्याने बांधायचे. पंचवीस विड्यांचा एक कट्टा धरला तर हजारात चाळीस कट्टे होतात. तयार माल कारखान्यात नेऊन द्यायचा, तो तपासून, मोजून घेतला जातो आणि मग पुस्तकात नोंद होते.

हाताने सराईत असलेल्या बाईलाही हजार विड्यांना अख्खा दिवस लागतो. स्वयंपाक, पाणी, मुले सांभाळून बसणाऱ्या अनेकींचा आकडा त्याच्या बराच अलीकडे थांबतो. पाने भिजवणे, कापणे आणि कारखान्यात जाऊन रांगेत उभे राहणे, या सगळ्याचा वेळ दरात वेगळा मोजलेला नसतो. पाने कापायला बसलेल्या मुलीचा किंवा सासूचा वेळही त्यातच मुरतो.

मोजणीतही मजुरी गळते. वाईट म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांना छाट म्हणतात. हजारातल्या दोन कट्ट्यांची छाट निघाली, तर पन्नास विड्या गेल्या, म्हणजे जाहीर दरात एका पैशाचाही बदल न होता मजुरी पाच टक्क्यांनी उतरली. पाने फाटकी निघाली आणि कमी पडली तर ती पदरमोड करून आणावी लागतात, तो खर्चही मजुरीतूनच जातो. तेव्हा सरकारी राजपत्रात छापलेला दर आणि बाईच्या हातात पडलेला दर हे दोन वेगळे आकडे असतात. विडी कामगारांच्या जवळपास प्रत्येक लढ्यात छाट, पानांचे वजन आणि पुस्तकातली नोंद हे तीन विषय दराइतकेच महत्त्वाचे राहिले आहेत, त्याचे कारण हे आहे.

गिरणीच्या पगाराशेजारी

सोलापूर हे मुळात कापडाचे गाव. इथली पहिली गिरणी, लोकांच्या बोलण्यातली ‘जुनी मिल’, 1870च्या दशकात निघाली. मग नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या आल्या. तेलंगणातून पद्मशाली विणकर कुटुंबे आली आणि शहराच्या पूर्व भागात वसली. पुरुष गिरणीत किंवा मागावर जात आणि बायका घरी विड्या वळत. गिरणीचा पगार हा घराचा मुख्य आधार आणि विडीची मजुरी ही वरकड कमाई, असे या मांडणीत गृहीत धरले गेले. विडीचा दर या समजुतीवर ठरत गेला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापूरच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. गिरणीचा पगार गेला आणि विडीची मजुरी अनेक घरांत मुख्य कमाई होऊन बसली. दर मात्र वरकड कमाईचाच राहिला. सोलापूरच्या विडी कामगार बाईची आजची अडचण समजून घ्यायची तर हा एक बदल आधी ध्यानात घ्यावा लागतो. दर ठरवताना जी परिस्थिती मनात धरली होती ती उरलेली नाही.

ब्रिटनमधल्या साखळीपासून दिल्लीतल्या विधेयकापर्यंत

घरी बसून नगावर काम करणाऱ्या बायकांना किमान दर असावा, ही कल्पना शंभराहून अधिक वर्षे जुनी आहे. ब्रिटनमध्ये 1909 साली ट्रेड बोर्ड्‌स कायदा झाला. शिवणकाम, खोके बनवणे, लेस आणि साखळी घडवणे अशा अगदी कमी मजुरीच्या धंद्यांत किमान दर ठरवण्यासाठी त्यात मंडळे नेमली गेली. 1910 मध्ये क्रॅडली हीथ या गावात घरामागच्या भट्टीवर साखळ्या घडवणाऱ्या बायकांनी मेरी मॅकार्थर यांच्या नेतृत्वाखाली संप केला, कारण मंडळाने ठरवलेला दर मालक द्यायला तयार नव्हते. तो संप जिंकला गेला. कायद्यातला दर हातात पडण्यासाठी कामगारांना संघटित व्हावे लागते, हा धडा किमान वेतनाच्या इतिहासात अगदी सुरुवातीलाच मिळालेला आहे.

1928 मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने किमान वेतन ठरवण्याच्या यंत्रणेविषयी 26 क्रमांकाचा करार केला. त्यात घरी चालणाऱ्या धंद्यांचा उल्लेख मुद्दाम होता. भारतातल्या कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगाने 1931 च्या अहवालात विडीच्या कारखान्यांतली बालमजुरी नोंदवली. 1944 मध्ये डी. व्ही. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली श्रमिक चौकशी समिती नेमली गेली आणि तिने विडी, सिगार, सिगारेट धंद्यातल्या कामगारांच्या स्थितीवर स्वतंत्र अहवाल दिला. विडी वळणाऱ्यांची दशा तेव्हापासून सरकारदरबारी लेखी आहे.

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एप्रिल 1946 मध्ये किमान वेतनाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. 1948 मध्ये त्याचा कायदा झाला. ज्या धंद्यांत मजुरी फार कमी आणि संघटना दुबळ्या, अशा धंद्यांची यादी कायद्याला जोडली होती. त्या पहिल्याच यादीत विडीसह तंबाखूचे कारखाने होते. विडी वळणाऱ्या बाईला किमान वेतनाचा हक्क मिळाल्याला पाऊणशेहून जास्त वर्षे झाली आहेत.

या कायद्यात नगावरच्या कामासाठी एक महत्त्वाची तरतूद होती. नगाचा दर ठरवताना, त्या दराने काम करणाऱ्याला वेळेच्या हिशेबातही किमान मजुरी पडेल अशी हमी सरकार ठरवू शकत होते. सोप्या शब्दांत, हजाराचा दर असा असावा की दिवसभर वळणाऱ्या बाईच्या हातात दिवसाची किमान मजुरी पडलीच पाहिजे. कायद्याने नगाच्या मागे वेळ उभा केला होता. ही हमी घरात बसलेल्या बाईपर्यंत पोहोचली नाही, कारण तिचे तास मोजणारी कोणतीही व्यवस्था कधी उभी राहिली नाही.

पुरेशी मजुरी म्हणजे किती

पुरेशी मजुरी किती, याचे उत्तर कोणालाच देता येत नाही, असे अनेकदा ऐकू येते. भारतात हे उत्तर फार पूर्वी दिलेले आहे. 1948 मध्ये नेमलेल्या वाजवी वेतन समितीने किमान वेतन, वाजवी वेतन आणि जीवनवेतन अशा तीन पायऱ्या सांगितल्या. 1957 च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचे मोजमाप ठरवले. एका कमावत्यामागे तीन माणसांचा खाण्याचा खर्च, प्रत्येकी 2,700 उष्मांक, कुटुंबाला वर्षाला 72 वार कापड, घरभाडे आणि या सगळ्याशिवाय इंधन, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाच्या 20 टक्के. 1991 मध्ये रेप्टाकोस ब्रेट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण आणि लग्नकार्य यांच्यासाठी आणखी 25 टक्के धरायला सांगितले.

1957 च्या या मोजमापात एक वाक्य असे होते की बायकांची आणि मुलांची कमाई हिशेबात धरू नये. त्यामागचा हेतू चांगला होता. कुटुंबाचे पोट एका कमावत्याच्या वेतनात भरावे, त्यासाठी घरातल्या सगळ्यांना राबावे लागू नये, असा तो विचार. पण कमावता पुरुषच असणार, हे त्यात गृहीत होते. ज्या धंद्यात कमावती बाईच आहे तिथे हे मोजमाप तिला लागू करण्याऐवजी तिची कमाई दुय्यम मानण्याची सवय चालू राहिली. गिरणी बंद पडलेल्या घरात तीच ‘एक कमावती’ आहे. तेव्हा तिच्या हजाराच्या दरात तीन माणसांचे अन्न, कापड आणि घरभाडे बसलेच पाहिजे.

दर वाढला तर धंदा बुडेल, हा आक्षेपही जुनाच आहे आणि त्यावरही निवाडा झालेला आहे. मूळचे साताऱ्याचे न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी 1957 मध्ये क्राउन ॲल्युमिनियमच्या निकालात स्पष्ट सांगितले की जो उद्योग कामगारांना अगदी किमान वेतनही देऊ शकत नाही, त्याला चालू राहण्याचा हक्क नाही. पुढे राष्ट्रीय श्रम आयोगाचे अध्यक्षही तेच झाले.

घर हाच कारखाना

किमान वेतन आले तेव्हा मालकांपुढे सोपी वाट होती. कारखान्यातले काम कंत्राटदारांमार्फत घरोघर पाठवायचे आणि मग वळणारी बाई आमची नोकर नव्हेच, असे म्हणायचे. कायदा ज्याला कामगार म्हणतो त्यालाच किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी, रजा मिळते. म्हणून पुढची पंचवीस वर्षे भांडण दरापेक्षा जास्त या प्रश्नावर झाले की ती कामगार आहे की नाही.

दर ठरवण्याच्या सरकारी अधिकारालाही आव्हान मिळाले. सिन्नरच्या भिकुसा यमासा क्षत्रिय या विडी कंपनीविरुद्ध संगमनेर-अकोले तालुक्यांची विडी कामगार युनियन, असा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. वेगवेगळ्या भागांसाठी वेगवेगळे किमान दर ठरवण्याची कायद्यातली तरतूद न्यायालयाने वैध ठरवली.

1966 च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याने घरी बसून वळणाऱ्या बाईला कामगार म्हटले. कंत्राटदाराच्या मागे लपलेल्या मालकाला त्याने जबाबदार धरले. कच्च्या मालाचे वाटप, नाकारलेल्या विड्या आणि त्यांची मजुरी यांवरचे वाद सोडवण्याची तरतूदही त्यात होती. म्हणजे छाटीचा प्रश्न संसदेपर्यंत पोहोचला होता. हा कायदा लागू होऊ लागल्यावर केरळात विडीच्या एका मोठ्या कंपनीने 1968 मध्ये काम बंद केले आणि सुमारे 12 हजार कामगार रस्त्यावर आले. त्यातून 1969 मध्ये कन्नूरला केरळ दिनेश विडी ही कामगारांचीच सहकारी संस्था उभी राहिली. तिने कायद्याप्रमाणे मजुरी आणि इतर लाभ देऊन अनेक वर्षे धंदा केला. दर वाढला की धंदा मरतो, या दाव्याला याहून ठोस उत्तर शोधावे लागत नाही.

1974 मध्ये मंगळूर गणेश विडी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1966 चा कायदा ग्राह्य धरला. 1985 मध्ये पी. एम. पटेल अँड सन्स खटल्यात घरी वळणाऱ्यांनाही भविष्यनिर्वाह निधी लागू होतो, असा निर्णय आला. मराठी मुलखाच्या सीमेवर निपाणीत तंबाखूच्या वखारींत काम करणाऱ्या बायका याच काळात संघटित झाल्या. त्यांच्या लढ्यावर ‘युगांतर’ या गटाने 1982 मध्ये ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट केला.

दरात न बसलेले घर

आता कुंभारीकडे परत येऊ. 1957 च्या मोजमापात घरभाडे होते. हजाराचा दर त्या मोजमापाने ठरला असता, तर विडी कामगार बाईला भाड्याचे चांगले घर परवडले असते, काही वर्षांनी स्वतःचेही झाले असते. तसे झाले नाही. सोलापूरच्या झोपडपट्ट्यांत एका खोलीत राहणे, झोपणे आणि तंबाखूच्या धुळीत विड्या वळणे चालू राहिले.

दरात घर बसत नव्हते म्हणून ते दुसऱ्या वाटेने मागावे लागले. 1976 मध्ये विडी कामगार कल्याण निधीचा कायदा झाला. विड्यांवर उपकर बसला आणि त्यातून दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या आणि घरबांधणीचे अनुदान देण्याची सोय झाली. सोलापुरात ‘आडम मास्तर’ म्हणून ओळखले जाणारे माजी आमदार नरसय्या आडम आणि सीटू या कामगार संघटनेने ही मागणी वर्षानुवर्षे लावून धरली. केंद्राचे अनुदान, राज्याचे अनुदान आणि बाईचा स्वतःचा हिस्सा अशा तीन वाट्यांतून दहा हजार घरे झाली. त्यांना वारली आदिवासींच्या लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकर यांचे नाव देणे योग्यच होते.

ही घरे म्हणजे मोठा विजय आहे. हजारो बायका प्रथमच आपल्या नावाच्या घरात राहायला गेल्या, त्या घराला दार आहे, संडास आहे. त्याबद्दल त्या लढ्याचे ऋण मानलेच पाहिजे. पण या विजयाचा हिशेबही मांडायला हवा. कुंभारीतले प्रत्येक घर हे सांगते की मजुरीत जे मिळायला हवे होते ते मिळाले नाही, आणि ते नंतर सरकारी अनुदानातून व बाईच्या बचतीतून भरून काढावे लागले. कमी मजुरीचा खर्च कोणी तरी भरतोच. इथे तो करदात्याने, विडी ओढणाऱ्याने उपकराच्या रूपाने आणि पुन्हा त्या बाईनेच भरला. 2017 मध्ये जीएसटी आल्यावर तो उपकरही रद्द झाला. कल्याण योजना आता अर्थसंकल्पातल्या तरतुदीवर अवलंबून आहेत. अनुदान हे दरवर्षी मागावे लागते. वाजवी दर मात्र दररोज, कामाबरोबर मिळतो.

वाद कुठे अडला आहे

मालकांचे तीन मुद्दे असतात आणि ते ऐकून घ्यायला हवेत. पहिला, इथे दर वाढला तर काम कमी दराच्या राज्यात जाईल. ही भीती खरी आहे, पण तिच्यावरचा उपाय दर दाबणे हा नाही. उपाय म्हणजे सगळ्या राज्यांना लागू होणारा, ज्याच्या खाली कोणालाच जाता येणार नाही असा खालचा दर. दुसरा, विडीची मागणीच घटते आहे. तंबाखूने आरोग्याचे नुकसान होते आणि हा धंदा कधी तरी आटणारच. नेमक्या त्याच कारणासाठी आज वाजवी मजुरी हवी, म्हणजे पुढच्या पिढीला शिकून दुसऱ्या कामात जाता येईल. अर्धपोटी मजुरीवर जगणाऱ्या घरातली मुलगी पुन्हा पान कापायलाच बसते. तिसरा, हे घरबसल्याचे फावल्या वेळचे काम आहे. जिच्या घरात दुसरी कमाईच नाही, तिच्या बाबतीत हे म्हणणे टिकत नाही.

विडीपुरताच हा प्रश्न नाही. सोलापूरच्या कापडाच्या, किराणाच्या, मोबाइलच्या दुकानात दिवसभर उभ्या असलेल्या मुलामुलींचेही दुखणे हेच आहे. मुंबई प्रांतात दुकाने आणि आस्थापनांचा कायदा 1939 मध्येच झाला. कामाचे तास आणि सुट्टी हे त्याचे मुख्य विषय होते. महाराष्ट्राचा 2017 चा कायदा मात्र दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरता झाला, आणि दोन-चार माणसे ठेवणारी दुकानेच गावोगाव जास्त. विडी वळणारीला विड्या मोजून पैसे मिळतात आणि तास मोजले जात नाहीत. दुकानातल्या मुलाला महिन्याचे ठरावीक पैसे मिळतात आणि त्याचेही तास मोजले जात नाहीत. दोघांच्या बाबतीत मजुरी कमी पडते ती न मोजलेल्या वेळात.

21 नोव्हेंबर 2025 पासून देशात नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. 1948 चा किमान वेतन कायदा वेतन संहितेत गेला, 1966 चा विडी कायदा दुसऱ्या संहितेत विलीन झाला. धंद्यांची यादी जाऊन किमान वेतन सर्वच कामांना लागू झाले, ही चांगली गोष्ट आहे. देशभराचा खालचा दर ठरवण्याची तरतूद आहे. नगावर काम करणाऱ्याला वेळेची किमान मजुरी द्यावी, हे तत्त्वही त्यात आहे. आता सगळे नियमांवर आणि अंमलावर आहे.

म्हणून सरकारकडे मागणी स्वच्छ असावी. हजार विड्यांना प्रत्यक्ष किती तास लागतात, हे पान भिजवण्यापासून माल जमा करेपर्यंत मोजावे आणि त्या तासांना दिवसाची किमान मजुरी पडेल असा दर लावावा. त्या मजुरीत घरभाडे आणि मुलांचे शिक्षण 1957 आणि 1991 च्या मोजमापाप्रमाणे धरावे. छाट बाईच्या समोर मोजली जावी, ती पुस्तकात लिहिली जावी आणि ठेवून घेतलेल्या विड्यांचे पैसे दिले जावेत. महागाई भत्ता वेळच्या वेळी दरात मिसळला जावा. घरी बसून केल्या जाणाऱ्या कामाविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 1996 चा 177 क्रमांकाचा करार भारताने अजून मान्य केलेला नाही, तो मान्य करावा.

वाचकांनाही एक विनंती आहे. विडीचा नवा दर जाहीर झाल्याची बातमी येईल तेव्हा नुसत्या आकड्यावर समाधान मानू नका. त्या आकड्यामागे किती तास आहेत, छाट वजा जाता हातात किती पडतात आणि तेवढ्यात तीन माणसांचे घर चालते का, हे तीन प्रश्न विचारा. आपल्या नेहमीच्या दुकानातल्या कामगाराबद्दलही हेच विचारा. उत्तरे समाधानकारक नसतील, तर तो दर वाजवी नाही, मग राजपत्रात काहीही छापलेले असो.